प्रायमरीत मतदार उमेदवार बदलतो तेव्हा नेमकं काय घडतं?

एका वाचकाने विचारलं आहे: "अमेरिकेत २०२० साली डेमोक्रॅटिक पक्षाची उमेदवारी बर्नी सँडर्स यांच्याकडे जाणार असं जवळजवळ सगळे धरून चालले होते. मग चार दिवसांत चित्र पालटलं आणि जो बायडन पुढे गेले. लोक इतक्या झटपट एकाला सोडून दुसऱ्याकडे कसे जातात? असं असेल तर जनमत चाचण्यांना काय अर्थ? आणि ज्यांचा उमेदवार प्रायमरीत हरतो, ते चिडून नोव्हेंबरात दुसऱ्या पक्षाला मत देतात का?"

मी अमेरिकेत मतदार-सर्वेक्षणाच्या क्षेत्रात बरीच वर्षं काम करतो आहे. प्रश्नावली लिहायची, फोनवरच्या मुलाखती ऐकून तपासायच्या, निकालानंतर आकडे ताडून पाहायचे, हा रोजचा उद्योग. या कामातून माझं ठाम मत झालं आहे की प्रायमरीतला, म्हणजे पक्षाचा उमेदवार निवडणाऱ्या पक्षांतर्गत मतदानातला, मतदार चंचल नसतो. त्याच्या मनात एकाच वेळी तीन-चार नावं असतात. त्यांतलं कुठलं नाव चालणार याचा अंदाज तो बाकीच्या मतदारांकडे बघून घेत असतो. चाचणीत आपण त्याच्याकडून एकच नाव वदवून घेतो, म्हणून दुसऱ्या आठवड्यात त्याने दुसरं नाव सांगितलं की बाहेरून ती कोलांटउडी वाटते.

आपल्याकडे तिकीट पक्षश्रेष्ठी देतात आणि मतदारासमोर पक्षाचा एकच माणूस येतो. अमेरिकेतही पूर्वी बरंचसं तसंच होतं. १९६८ साली ह्युबर्ट हम्फ्री एकही प्रायमरी न लढता डेमोक्रॅटिक उमेदवार झाले. शिकागोच्या अधिवेशनात त्यावरून आत-बाहेर रणकंदन माजलं. पुढे पक्षाने उमेदवार निवडीचे नियम बदलण्यासाठी मॅकगव्हर्न-फ्रेझर आयोग नेमला आणि १९७२ पासून उमेदवार निवडण्याची खरी सत्ता प्रायमरी आणि कॉकस (सभेत जमून केलेली निवड) यांतल्या मतदारांकडे गेली. पण ही निवडणूक एका दिवसात होत नाही. जानेवारी-फेब्रुवारीत एकेक राज्य, मग मार्चमध्ये एका मंगळवारी दहा-पंधरा राज्यं एकदम, मग रेंगाळत जूनपर्यंत. आधी मत देणाऱ्या राज्यांचा निकाल नंतरच्या राज्यांसाठी माहिती असते. तुम्ही विचारलेल्या बहुतेक गोष्टींचं मूळ या वेळापत्रकात आहे.

दुसरं कारण पक्षाच्या नावाचं. नोव्हेंबरच्या मुख्य निवडणुकीच्या मतपत्रिकेवर एक डेमोक्रॅट, एक रिपब्लिकन असतो आणि बहुतेकांचं मत वर्षभर आधीच ठरलेलं असतं. प्रायमरीत सगळेच आपल्या पक्षाचे. २०१९ साली डेमोक्रॅटिक पक्षात दोन डझनांहून जास्त उमेदवार उभे होते आणि आरोग्यविमा, हवामान, बंदुका या विषयांवर त्यांच्यातले फरक सामान्य मतदाराला भिंग लावून शोधावे लागत. अशा वेळी पहिली पसंती हलकी असते. आमच्या प्रश्नावलीत म्हणूनच चार प्रश्न एकामागून एक येतात: आज मतदान असतं तर कोणाला मत दिलं असतं, ते पक्कं आहे की बदलू शकेल, दुसरी पसंती कोण, आणि कोणाला काही झालं तरी मत देणार नाही. वर्तमानपत्रात पहिल्याचाच आकडा छापून येतो. खरी माहिती उरलेल्या तिघांत असते. "बदलू शकेल" म्हणणारे निम्म्याच्या आसपास असतील तर पहिला आकडा वाळूवर लिहिला आहे असं समजून मी चालतो.

मत सरकताना प्रत्यक्ष पाहायचं असेल तर आयोवाच्या डेमोक्रॅटिक कॉकससारखी दुसरी जागा नव्हती. इथे गुप्त मतदान नसायचं. थंडीच्या रात्री लोक शाळेच्या व्यायामशाळेत, चर्चच्या तळघरात, वाचनालयात जमायचे आणि आपापल्या उमेदवाराच्या नावाच्या कोपऱ्यात जाऊन उभे राहायचे. मोजणी व्हायची. साधारणपणे एकूण हजेरीच्या १५ टक्के माणसं ज्या कोपऱ्यात नसतील तो कोपरा बाद. मग पंधरा-वीस मिनिटं खरी गंमत चालायची: बाद कोपऱ्यातल्या शेजाऱ्याला, मुलाच्या शिक्षिकेला, दुकानदाराला बाकीचे कोपरे हाक मारायचे. कोणी मुद्दा पटवून द्यायचा, कोणी जुनी ओळख काढायची. काहीजण कोट चढवून सरळ घरी जायचे. मग दुसरी मोजणी.

३ फेब्रुवारी २०२० च्या कॉकसचे दोन्ही मोजण्यांचे आकडे पक्षाने पहिल्यांदाच जाहीर केले. आमच्या धंद्यातल्या माणसाला हा खजिनाच होता. पहिल्या मोजणीत सँडर्स २४.७ टक्के, पीट बुटिजेज २१.३, एलिझाबेथ वॉरन १८.४, बायडन १५, एमी क्लोबुशार १२.७. दुसऱ्या मोजणीत सँडर्स २६.५ वर, बुटिजेज २५.१ वर, वॉरन २०.२ वर गेल्या, बायडन १३.७ आणि क्लोबुशार १२.२ वर घसरल्या. म्हणजे दोन मोजण्यांमधल्या त्या थोड्या वेळात बुटिजेज यांना जवळजवळ चार टक्क्यांची भर पडली. त्यांना काही नवा मुद्दा सुचला नव्हता, टीव्हीवर नवी जाहिरात लागली नव्हती. बायडन किंवा क्लोबुशार यांचा कोपरा जिथे बाद झाला तिथल्या लोकांना "मग आता कोण?" हा प्रश्न पडला आणि त्यातल्या बऱ्याच जणांच्या मनात बुटिजेज हे नाव आधीपासून होतं. त्या एका खोलीत जे पंधरा-वीस मिनिटांत घडायचं, तेच देशभर फेब्रुवारी-मार्चमध्ये घडतं.

आता बायडन यांचे ते चार दिवस. आयोवात चौथे, ११ फेब्रुवारीला न्यू हॅम्पशायरमध्ये ८.४ टक्क्यांवर पाचवे. २२ फेब्रुवारीला नेव्हाडात सँडर्स मोठ्या फरकाने जिंकले, बायडन दुसरे आले तरी खूप मागे होते. त्यांची प्रचारयंत्रणा पैशाअभावी कुंथत होती, आणि अब्जाधीश उमेदवार मायकल ब्लूमबर्ग जाहिरातींवर कोट्यवधी डॉलर ओतत होते.

त्या आठवड्यात साउथ कॅरोलायनातली एक मुलाखत तपासणीसाठी माझ्या कानावर पडली. सत्तरीच्या पुढच्या कृष्णवर्णीय बाई. पहिली पसंती विचारली तर त्यांनी लगेच "जो" म्हटलं. पक्कं आहे का, यावर मात्र थांबल्या. म्हणाल्या, माणूस माझ्या ओळखीचा आहे, आवडतो, पण बाकीच्यांनी त्याला मत दिलं नाही तर माझं मत जाऊन काय उपयोग, मला तो दुसरा माणूस हरायला हवा आहे. दुसरा माणूस म्हणजे ट्रम्प. आणि मग त्यांनीच मुलाखत घेणाऱ्या मुलीला विचारलं, "तू इतक्या लोकांशी बोलतेस, बाकीचे काय म्हणताहेत?" तिला अर्थातच ते सांगता येत नव्हतं. नियमच तसा आहे. पण प्रायमरीतल्या मतदाराची सगळी अडचण त्या बाईंनी एका प्रश्नात मांडली होती.

त्यांना उत्तर दिलं जिम क्लायबर्न यांनी. साउथ कॅरोलायनाचे जुने खासदार, प्रतिनिधिगृहातले ज्येष्ठ कृष्णवर्णीय नेते, आणि त्या राज्यात डेमोक्रॅटिक प्रायमरीला येणारा निम्म्याहून अधिक मतदार कृष्णवर्णीय. २६ फेब्रुवारीला त्यांनी बायडन यांना जाहीर पाठिंबा दिला. आपण जो यांना ओळखतो, पण जास्त महत्त्वाचं म्हणजे जो आपल्याला ओळखतात, असं ते म्हणाले. या वाक्यात धोरण नाही, कार्यक्रम नाही. "आपली माणसं इकडे जाणार आहेत" एवढीच खात्री त्यात आहे, आणि हवी होती तीच. २९ तारखेला बायडन ४८.६ टक्के, सँडर्स १९.८. त्याच रात्री टॉम स्टायर यांनी माघार घेतली, १ मार्चला बुटिजेज यांनी, २ मार्चला क्लोबुशार यांनी. बुटिजेज आणि क्लोबुशार त्याच २ मार्चच्या संध्याकाळी डॅलसमध्ये बायडन यांच्या बाजूने उभे राहिले, आणि शर्यतीतून आधीच बाहेर पडलेले टेक्ससचे बेटो ओ'रूर्क हेही. ३ मार्चला १४ राज्यांपैकी १० बायडन यांनी जिंकली. मॅसॅच्युसेट्स आणि मिनेसोटात ते धड प्रचारालाही फिरकले नव्हते. मॅसॅच्युसेट्समध्ये तर घरच्या वॉरन तिसऱ्या आल्या.

इथे एक गोष्ट नीट पाहायला हवी. सँडर्स यांचा मूळ मतदार त्या चार दिवसांत फारसा हलला नाही. कॅलिफोर्निया, कोलोरॅडो, युटा, व्हरमाँट ही राज्यं त्यांनी घेतलीच. हलले ते बुटिजेज, क्लोबुशार, ब्लूमबर्ग यांच्यात विखुरलेले आणि अजून कुंपणावर बसलेले. मतदान केंद्राबाहेरच्या एक्झिट पोलमध्ये अनेक राज्यांत मोठ्या संख्येने लोकांनी शेवटच्या काही दिवसांतच ठरवल्याचं सांगितलं आणि त्यांच्यात बायडन स्पष्ट पुढे होते. म्हणजे "लोकांनी सँडर्सना सोडलं" हे वर्णन मुळात बरोबर नाही. विखुरलेलं मत एका जागी गोळा झालं. बातम्यांत या दोन गोष्टींची सर्रास गल्लत होते आणि मला ती फार खटकते, कारण तिच्यातूनच मतदार कसाही वाहवत जातो हा समज पसरतो.

गोळा होणं आपोआप घडत नाही, त्याला उमेदवारांनी वेळेवर बाजूला व्हावं लागतं. २०१६ साली रिपब्लिकन पक्षात ते झालं नाही. साउथ कॅरोलायनात डोनाल्ड ट्रम्प यांना ३२.५ टक्के मतं पडली, मार्को रुबियो आणि टेड क्रूझ यांना साडेबावीसच्या आसपास. तीनातल्या दोन मतदारांनी दुसऱ्या कोणाला तरी मत दिलं, आणि राज्याचे ५० पैकी ५० प्रतिनिधी (पक्षाच्या अधिवेशनात उमेदवार ठरवणारे) ट्रम्प यांना मिळाले, कारण त्या पक्षाचे नियम तिथे विजेत्याला सगळं देणारे होते. डेमोक्रॅटिक पक्षात १५ टक्क्यांच्या वर असलेल्या सगळ्यांना प्रमाणात वाटा मिळतो. त्या वर्षी जेब बुश साउथ कॅरोलायनानंतर गेले, पण रुबियो १५ मार्चला फ्लोरिडात हरेपर्यंत थांबले, क्रूझ आणि जॉन केसिक मे महिन्यापर्यंत. प्रत्येकाला वाटत होतं दुसऱ्याने आधी जावं.

तरीही "विरोधक एकत्र आले असते तर ट्रम्प हरलेच असते" असं छातीठोकपणे म्हणायला मी तयार नाही. ते म्हणणारे धरून चालतात की ट्रम्प सोडून प्रत्येकाला दिलेलं मत ट्रम्पविरोधी होतं. दुसऱ्या पसंतीचे आकडे तसं सांगत नव्हते. क्रूझ यांच्या कितीतरी मतदारांची दुसरी पसंती ट्रम्पच होती. २०२० मध्येही पंडित मंडळी मतदारांची "मवाळ" आणि "डावी" अशा दोन रांगांत विभागणी करत होती, आणि आमच्या क्षेत्रातल्या चाचण्या मात्र सतत दाखवत होत्या की बायडन यांच्या मतदारांत दुसरी पसंती म्हणून सँडर्स यांचं नाव पुढे आहे, आणि उलटही. दोघेही ओळखीचे, वयस्कर, वर्षानुवर्षं टीव्हीवर दिसणारे. सामान्य मतदार विचारसरणीच्या पट्टीवर उमेदवार मोजत नाही. ओळख, विश्वास, आपल्यासारखा वाटतो का आणि जिंकेल का, ही त्याची मापं. अमुक उमेदवार बाहेर पडला की त्याची मतं अमक्याकडे जाणार असं कोणी ठासून सांगितलं, तर त्याच्याकडे दुसऱ्या पसंतीचे आकडे आहेत का एवढं विचारा.

सगळी हालचाल अशी गोळा होण्याचीच असते असं नाही. मतदान सुरू होण्याआधीच्या सहा-आठ महिन्यांत वेगळाच प्रकार चालतो, आणि त्याचं सर्वांत स्पष्ट उदाहरण २०११-१२ च्या रिपब्लिकन शर्यतीत सापडतं. मिट रॉमनी बहुतेक काळ वीस-पंचवीस टक्क्यांवर ठाण मांडून होते. त्यांच्याभोवती बाकीचे एकेक करून वर चढले आणि खाली आले. ऑगस्टमध्ये मिशेल बाकमन आयोवातली एम्सची मतचाचणी जिंकल्या. त्याच दिवशी टेक्ससचे गव्हर्नर रिक पेरी उतरले आणि काही आठवड्यांत सगळ्यांच्या पुढे गेले. वादसभांमध्ये ते अडखळू लागले. ९ नोव्हेंबरच्या वादसभेत बंद करायच्या तीन सरकारी खात्यांपैकी तिसऱ्याचं नाव त्यांना काही केल्या आठवेना. तोवर हर्मन केन वर आले होते, पिझ्झा कंपनीचे माजी प्रमुख, करांच्या ९-९-९ योजनेसह. लैंगिक छळाचे आरोप झाले आणि ३ डिसेंबरला त्यांनी प्रचार थांबवला. मग न्यूट गिंग्रिच. मग आयोवाच्या सगळ्या ९९ काउंट्या पालथ्या घालणारे रिक सँटोरम. मतदानाच्या रात्री आयोवात रॉमनी आठ मतांनी जिंकल्याचं जाहीर झालं आणि पुढे अंतिम मोजणीत सँटोरम ३४ मतांनी पुढे निघाले.

या चढ-उतारांचं यंत्र साधं आहे. एखादी घटना घडते: जोरदार भाषण, छोट्या चाचणीतला विजय, उमेदवारीची घोषणा. माध्यमांचा झोत तिकडे वळतो. आठवडाभर त्या नावाची चांगली ओळख होते आणि ज्या मतदाराला आधीपासूनच "रॉमनी सोडून कोणी चांगला असेल तर बघू" असं वाटत होतं, तो चाचणीत ते नवं नाव सांगतो. मग पत्रकार आणि प्रतिस्पर्धी त्या माणसाचा इतिहास उकरायला लागतात, वादसभेत त्याच्यावर सगळे तुटून पडतात, आकडा घसरतो आणि झोत पुढच्या नावावर जातो. दर वेळी सरकणारा मतदार बहुतांशी तोच असतो, नवं नाव तपासून बघणारा. मला हे वागणं सुज्ञपणाचं वाटतं. घरात सोयरीक ठरवताना एक स्थळ बघितलं म्हणजे होकार दिला असं कोणी मानत नाही. इथेही तो बघण्याचा कार्यक्रमच चाललेला असतो. २०१९ मध्ये कमला हॅरिस यांचं तेच झालं. २७ जूनच्या वादसभेत त्यांनी शाळांच्या बसप्रवासावरून (वर्णभेद मोडण्यासाठी मुलांना दुसऱ्या भागातल्या शाळेत बसने नेण्यावरून) बायडन यांना कोंडीत पकडलं, त्यांचा आकडा उसळला, शरद ऋतूपर्यंत ओसरला, आणि एकही मत पडण्याआधी, ३ डिसेंबरला, त्या बाहेर पडल्या. त्याच शरदात वॉरन काही चाचण्यांत पहिल्या आल्या आणि आरोग्ययोजनेचा खर्च कुठून आणणार या प्रश्नावर खाली घसरल्या.

२००४ ची हकीकत सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही, कारण तिच्याबद्दलचा गैरसमज अजून ऐकू येतो. २००३ च्या अखेरीला हॉवर्ड डीन डेमोक्रॅटिक शर्यतीत आघाडीवर होते. १९ जानेवारीला आयोवात जॉन केरी ३८, जॉन एडवर्ड्स ३२, डीन १८ टक्के. लोक म्हणतात डीन त्या रात्री माइकवर किंचाळले म्हणून बुडाले. पण किंचाळले ते निकालानंतर! तोवर मतदार गेलेला होता. डीन आणि डिक गेपहार्ट आयोवात एकमेकांवर चिखलफेक करणाऱ्या जाहिराती लावत होते, आणि बहुउमेदवारी शर्यतीत अशा भांडणाचा फायदा तिसऱ्याला होतो, कारण चिडलेल्या मतदारापुढे दोनच पर्याय नसतात. केरी यांनी बॉस्टनचं घर गहाण ठेवून प्रचाराला पैसे घातले होते आणि शेवटच्या दिवसांत ते तिथे तळ ठोकून होते. भांडण सोडून बाजूला होणाऱ्यांना जायला जागा हवी होती, ती तयार होती.

पहिल्या राज्यांचा निकाल पुढच्या मतदाराला काय सांगतो हे २००८ मध्ये सर्वांत ठळक दिसलं. २००७ च्या शरदात कृष्णवर्णीय मतदारांच्या अनेक चाचण्यांत हिलरी क्लिंटन बराक ओबामांच्या पुढे होत्या. ओबामा आवडत नव्हते असं मुळीच नव्हतं. गोरे लोक या माणसाला मत देतील यावर विश्वास बसत नव्हता. ३ जानेवारी २००८ रोजी बहुसंख्य गोऱ्या आयोवाने ओबामांना ३७.६ टक्क्यांनी पहिलं केलं आणि ती शंका फिटली. २६ जानेवारीला साउथ कॅरोलायनात ओबामा ५५, क्लिंटन २७.

आता चाचण्यांचा अर्थ. याच २००८ मध्ये आयोवानंतर पाचच दिवसांनी न्यू हॅम्पशायरमध्ये जवळपास सगळ्या चाचण्या ओबामांना आघाडी देत होत्या आणि जिंकल्या क्लिंटन, ३९ विरुद्ध ३६ टक्क्यांनी. प्रायमरीत चाचणी चुकण्याची शक्यता नोव्हेंबरपेक्षा पुष्कळ जास्त, याची कारणं धंद्याच्या आतून सांगतो. राज्य पातळीवरच्या प्रायमरी चाचणीत चारशे-पाचशे संभाव्य मतदार असतात. चारशेंच्या नमुन्यात एकेका उमेदवाराच्या आकड्याला साधारण पाच टक्के वर-खाली मोकळीक धरावी लागते. प्रायमरीला कोण येणार हे ठरवणं हीच अर्धी लढाई, कारण नोव्हेंबरच्या तुलनेत थोडेच लोक येतात. मुलाखती तीन-चार दिवस चालतात, आणि २९ फेब्रुवारी ते ३ मार्चसारख्या काळात चाचणी छापून येईपर्यंत ती जुनी झालेली असते.

आणखी एक भाग, जो बातम्यांत कधीच येत नाही. दोन चाचण्यांतला फरक म्हणजे निव्वळ हिशेब. एखाद्या उमेदवाराचा आकडा महिनाभर २० टक्केच राहिला, तर त्याचे मतदार तेच राहिले असं होत नाही. पाच टक्के गेले असतील आणि पाच नवे आले असतील. हे पाहायचं तर त्याच माणसांना पुन्हा पुन्हा विचारावं लागतं, आणि ती कामं महाग आणि किचकट असतात. अशा पाठपुराव्यात मला नेहमी दिसतं की वरून शांत दिसणाऱ्या शर्यतीतही खालून बरीच ये-जा चालू असते. उलट, एका आठवड्यात चार टक्क्यांनी वाढलेला आकडा कित्येकदा खरी हालचालच नसतो: उत्साहात असलेल्या उमेदवाराचे समर्थक फोन उचलतात, मार खाल्लेल्याचे उचलत नाहीत. म्हणून एका चाचणीवर विसंबू नका, पाच-सहांची सरासरी बघा आणि "बदलू शकेल" हा आकडा कुठे छापला असेल तर तो आधी वाचा.

वेळापत्रक नसेल तर काय होतं याचं उदाहरण मराठी वाचकांना जवळचं आहे. बेळगावात वाढलेले श्री ठाणेदार २०२२ साली मिशिगनच्या तेराव्या मतदारसंघातून अमेरिकेच्या संसदेवर, म्हणजे तिथल्या काँग्रेसवर, निवडून गेले. ती डेमोक्रॅटिक प्रायमरी एकाच दिवशी, नऊ उमेदवारांची. डेट्रॉइटला कित्येक दशकांनी प्रथमच कृष्णवर्णीय खासदार नसेल या काळजीने तिथल्या नेत्यांनी कृष्णवर्णीय उमेदवार ॲडम हॉलिअर यांच्यामागे मतं एकवटण्याचा प्रयत्न केला, पण बाकीचे उमेदवार मतपत्रिकेवर राहिलेच. ठाणेदार सुमारे २८ टक्क्यांवर जिंकले. आधीच्या राज्याचा निकाल नाही, टप्प्याटप्प्याने माघार नाही, त्यामुळे कोण पुढे आहे हे मतदाराला खात्रीने कळण्याची सोयच नाही. स्वतःची ओळख घरोघर पोचवलेल्या उमेदवाराला अशी रचना साथ देते.

आणि ज्याला सरकायचं असूनही सरकता येत नाही त्याचंही बोलायला हवं. कॅलिफोर्नियात टपाली मतपत्रिका महिनाभर आधी घरी येते. २०२० मध्ये बुटिजेज बाहेर पडल्यानंतरही तिथे त्यांच्या नावावर अडीच लाखांच्या आसपास मतं मोजली गेली. त्यातली बरीचशी आधीच पेटीत पडलेली होती. ही माणसं जागरूक होती, वेळेवर मत देत होती, आणि त्यांचंच मत वाया गेलं. याचा मला खरोखर त्रास होतो. त्याच वर्षी अलास्का, वायोमिंग, हवाई आणि कॅन्सस इथल्या डेमोक्रॅटिक पक्षाने मतपत्रिकेवर पसंतीक्रम लिहू दिला: पहिला उमेदवार १५ टक्क्यांखाली गेला तर मत पुढच्या पसंतीकडे. आयोवाच्या व्यायामशाळेत जे चालायचं ते कागदावर. लवकर मतदानाची सोय जिथे आहे तिथे प्रायमरीत हाच मार्ग असावा असं माझं मत आहे. तोवर इथल्या मराठी मित्रमंडळींना मी एवढंच सांगतो: नोव्हेंबरची मतपत्रिका आली की लगेच भरून पाठवा, पण रिंगणात पाच-सात जण असतील अशा प्रायमरीची मुदतीच्या आत, पण शेवटी-शेवटी पाठवा.

तुमचा शेवटचा प्रश्न हरलेल्यांच्या समर्थकांचा. मार्च-एप्रिलमध्ये "आमचा माणूस नसेल तर आम्ही विरोधी पक्षाला मत देऊ" असं सांगणारे नेहमी भरपूर असतात. २००८ च्या वसंतात क्लिंटन यांचे खूप समर्थक रिपब्लिकन उमेदवार जॉन मॅकेन यांना मत देऊ म्हणत होते. नोव्हेंबरपर्यंत त्यातले पुष्कळ परत आले, काही खरोखर गेले. २०१६ मध्ये प्रायमरीत हिलरी क्लिंटन यांच्याऐवजी सँडर्स यांना मत दिलेल्यांपैकी सुमारे १२ टक्क्यांनी नोव्हेंबरात ट्रम्प यांना मत दिलं, असं मोठ्या नमुन्याच्या शैक्षणिक सर्वेक्षणातून निघालं. मिशिगनमध्ये ट्रम्प फक्त १०,७०४ मतांनी जिंकले होते, त्यामुळे हा आकडा खूप गाजला आणि त्याचा राग सँडर्स यांच्यावर निघाला. मात्र त्याच सर्वेक्षणात हे १२ टक्के कोण होते तेही दिसतं. त्यांच्यातले बरेच जण स्वतःला डेमोक्रॅट म्हणवत नव्हते, ओबामांबद्दल त्यांचं मत बरं नव्हतं, आणि वर्णभेदाच्या प्रश्नांवर त्यांची उत्तरं सँडर्स यांच्या इतर मतदारांपेक्षा रिपब्लिकनांना जास्त जवळची होती. मिशिगनसारख्या राज्यात पक्षनोंदणीच नसते, कोणीही कुठल्याही एका पक्षाची मतपत्रिका मागू शकतो. त्यांच्यातल्या अनेकांना प्रायमरीत क्लिंटन यांच्या विरोधात मत द्यायचं होतं आणि त्या मतपत्रिकेवर त्यासाठी मुख्य नाव सँडर्स यांचं होतं. नोव्हेंबरच्या मतपत्रिकेवर ते ट्रम्प यांचं होतं.